आफ्रिकेत हत्ती एक की दोन? बुडालेल्या जहाजातले सुळे काय सांगतात

१५३३ साली ‘बोम जेझुस’ नावाचं पोर्तुगीज जहाज लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघालं. तीनच वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी आपली इथली राजधानी कोचीनहून गोव्याला हलवली होती आणि मिरी-मसाल्यासाठी अशी जहाजं दर वर्षी आपल्या किनाऱ्याला लागत. हे जहाज काही पोचलं नाही. आज जो नामिबिया देश आहे, त्याच्या किनाऱ्याजवळ ते बुडालं. पावणेपाचशे वर्षांनी, २००८ मध्ये, तिथे हिऱ्यांसाठी समुद्र मागे हटवून वाळू उपसत असताना ते सापडलं. आत दोन हजारांवर सोन्याची नाणी होती, तांब्याच्या लगडी होत्या आणि शंभराहून जास्त हस्तिदंत होते. तांब्याच्या वजनाखाली आणि तिथल्या गार समुद्रात ते सुळे इतके चांगले टिकले की २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतून डीएनए काढून दाखवला.

सोन्याच्या नाण्यांची बातमी सगळीकडे झाली. मला मात्र सुळ्यांनी झोपू दिलं नाही. ते सगळे पश्चिम आफ्रिकेतल्या एका खास हत्तीचे निघाले आणि किमान १७ वेगवेगळ्या कळपांमधून आलेले होते. आजवर आफ्रिकेत जेवढ्या जिवंत हत्तींचा डीएनए तपासला गेला, त्यात या १७ पैकी फक्त ४ घराणी सापडतात.

उरलेली १३ कुठे गेली? या प्रश्नाच्या मागे जायचं तर आधी हा ‘खास हत्ती’ कोण, ते पाहायला हवं. २०२१ मध्ये त्याचं नाव पहिल्यांदाच धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत वेगळं लिहिलं गेलं, आणि तेही नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्यांच्या रकान्यात.

## आपण पाहतो तो हत्ती वेगळा

सफारीच्या व्हिडिओत दिसतो तो प्रचंड कानांचा, बाकदार सुळ्यांचा, तीन मीटरहून उंच हत्ती राहतो सॅव्हानात, म्हणजे तुरळक झाडांच्या गवताळ माळावर. त्याला आपण माळहत्ती म्हणू. दुसरा राहतो गॅबॉन, काँगो, कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा देशांतल्या घनदाट पावसाळी जंगलात. हा वनहत्ती, पश्चिम आफ्रिकेतही आढळणारा; जहाजातले सुळे याचेच. त्याचे नरसुद्धा अडीच मीटरच्या आतबाहेरच राहतात. कान लहान आणि गोलसर. सुळे बारीक, सरळ आणि खाली जमिनीकडे वळलेले, त्यामुळे वेलींच्या जाळीतून जाताना अडकत नाहीत. त्याचा हस्तिदंत जास्त टणक असतो आणि त्यात किंचित गुलाबी छटा असते. कोरीवकाम करणाऱ्यांना हाच दात हवा असतो, आणि तेच या हत्तीच्या जिवावर उठलं.

आपला गणपतीचा हत्ती, डोक्यावर दोन उंचवटे असलेला, तो तिसरा: आशियाई. त्याची गोष्ट पुढे येईलच.

गोल कानांवरून १९०० मध्येच पाउल माट्शी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने वनहत्तीला वेगळं शास्त्रीय नाव दिलं होतं. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं बहुतेकांनी तो माळहत्तीचाच जंगलात राहून खुजा झालेला प्रकार मानला. डोळ्यांनी पाहून हा वाद मिटण्यातला नव्हता.

## आईचं आडनाव आणि पिसलेले पत्ते

डीएनए म्हणजे शरीर कसं घडवायचं याची पेशीत लिहून ठेवलेली माहिती. प्रत्येक पेशीत ती दोन ठिकाणी असते, आणि वनहत्तीची सगळी कथा या दोन ठिकाणांच्या फरकावर उभी आहे. म्हणून इथे जरा थांबू या.

पहिली जागा पेशीच्या केंद्रात. तिथली माहिती अर्धी आईकडून येते, अर्धी वडिलांकडून, आणि दर पिढीत पत्ते पिसावेत तशी पिसली जाते. म्हणून तर दोन सख्खी भावंडंही वेगळी दिसतात.

दुसरी जागा मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी बारीक घरं. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो जवळपास न पिसता फक्त आईकडून येतो. मुलाला मिळतो, मुलीला मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. आपलं आडनाव वडिलांकडून चालत येतं ना, तसं हे आईकडून चालत येणारं आडनाव समजा.

हत्तींच्या बाबतीत हे आडनाव फार कामाचं. कारण मादी जन्मभर आईच्या कळपात किंवा त्याच्या आसपास राहते आणि नर वयात आला की बाहेर पडतो. कळप म्हणजे आजी, आई, मावश्या आणि त्यांची पिल्लं. सगळ्यांचं आडनाव एकच. जहाजातल्या सुळ्यांवरून १७ कळप ओळखता आले, ते असे. वर ज्यांना मी घराणी म्हटलं, तीही हीच.

## वाट फुटली कधी

२००१ मध्ये आल्फ्रेड रोका या जनुकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या २१ ठिकाणच्या १९५ हत्तींचा डीएनए तपासला. त्यासाठी हत्तीला बेशुद्ध करावं लागत नाही. बाण मारायचा, तो कातडीचा छोटासा तुकडा घेऊन खाली पडतो, हत्ती कान फडफडवत निघून जातो, मग जाऊन बाण उचलायचा. पेशीच्या केंद्रातल्या डीएनएने स्वच्छ उत्तर दिलं: वनहत्ती आणि माळहत्ती या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. (हेच रोका पुढे जहाजातल्या सुळ्यांच्या अभ्यासातही होते.)

२०१० मध्ये आणखी मोठं काम झालं. त्यात आशियाई हत्ती आणि बर्फात गोठलेला केसाळ मॅमथ (हत्तीचा नामशेष झालेला नातलग) हेही सोबत तपासले. वनहत्ती आणि माळहत्ती यांची वाट २६ ते ५६ लाख वर्षांपूर्वी फुटली, असा हिशेब निघाला. आशियाई हत्ती आणि मॅमथ जितके जुने विभक्त, साधारण तितकेच हे दोघेही. मॅमथला आणि आपल्या हत्तीला एकाच नावाने हाक मारायचं कुणाच्या मनातही येत नाही. आफ्रिकेतल्या या दोघांना मात्र आपण शतकभर एकच म्हणत आलो.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. युरोपात पूर्वी सरळ सुळ्यांचा एक महाकाय हत्ती होता, आजच्या कुठल्याही हत्तीपेक्षा उंच. तो आशियाई हत्तीचा नातलग असणार, असं हाडांवरून मानलं जायचं. जर्मनीत सापडलेल्या त्याच्या हाडांचा डीएनए २०१७ आणि २०१८ मध्ये वाचला गेला, आणि त्याच्यात मोठा वाटा निघाला आफ्रिकेतल्या वनहत्तीच्या पूर्वजांशी जोडलेला. या महाकाय हत्तीच्याच गोतातला एक हत्ती भारतात होता. त्याच्या शास्त्रीय नावातच नर्मदा आहे, आणि त्याचे जीवाश्म आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही मिळाले आहेत. त्याचा डीएनए हाती नाही, नातं हाडांवरून जोडलेलं आहे. तरी गोदाकाठच्या गाळात रुतलेला तो हत्ती आणि आज काँगोच्या अंधाऱ्या रानात फळं शोधत हिंडणारा वनहत्ती, एवढ्या लांबून हे धागे जुळतात.

## “पण ते एकमेकांत मिसळतात ना? मग दोन कसे?”

मिसळतात. जिथे जंगल संपून माळ सुरू होतो अशा काही ठिकाणी, विशेषतः युगांडा आणि काँगोच्या सीमेवर, दोघांची संकरित पिल्लं होतात आणि ती पिल्लं पुढे स्वतःही वंश वाढवतात. म्हणून हा आक्षेप रास्त आहे.

दोन ओढे शेजारून वाहत असतील तर मोठ्या पुरात त्यांचं पाणी एकमेकांत जातं. पूर ओसरला की दोघे आपापल्या पात्रात. कुणी म्हणत नाही की ओढा एकच होता. २०१८ मध्ये दोन्ही हत्तींचा संपूर्ण डीएनए ताडून पाहिला, तेव्हा गेली सुमारे ५ लाख वर्षं दोघे जवळजवळ पूर्णपणे अलग राहिल्याचं दिसलं. संकर होतो तो काठावर. आतल्या प्रवाहापर्यंत तो पोचत नाही.

आता याच ठिकाणी एक कोडं आहे, ज्याने शास्त्रज्ञांनाही काही काळ चकवलं. बऱ्याच माळहत्तींच्या अंगात आईकडून आलेलं ‘आडनाव’ वनहत्तीचं असतं! दिसायला माळहत्ती, केंद्रातल्या डीएनएने माळहत्ती, पण आडनाव जंगलाचं. फक्त आडनाव तपासणाऱ्यांनी यावरून दोघांना एकच ठरवलं होतं.

उलगडा असा. समजा, एका घरात आडनाव आईचं लावायची रीत आहे. मूळ आजी सावंत. तिची मुलगी सावंत, नात सावंत. पण प्रत्येक पिढीत जावई येतो तो दूर देशावरचा. मुलीत आजीचा वाटा निम्मा, नातीत पाव, पणतीत दोन आणे. दहा पिढ्यांनी तो हजारात एक इतका उरतो. नाक, रंग, उंची सगळं जावयांकडचं. आडनाव मात्र अजूनही सावंत.

हत्तींत हेच घडलं. माळहत्तीचे नर अंगाने थोराड, झुंजीत वनहत्तीच्या नरांना भारी पडणारे. मादी कळप सोडत नाही, नर बाहेरून येतो. पिढ्यानपिढ्या माळावरचेच नर येत राहिले आणि कळपाचा देह माळहत्तीचा झाला. म्हणजे कधीकाळी तिथे जंगल होतं, वनहत्तिणी होत्या, याची आठवण त्या कळपाच्या पेशींत शिल्लक आहे.

## वैविध्य लागतं कशाला

जनुकीय वैविध्य म्हणजे एकाच प्रजातीतल्या प्राण्यांमध्ये डीएनएतल्या एकाच सूचनेची किती वेगवेगळी रूपं आहेत, ते. मी त्याला किल्ल्यांचा जुडगा म्हणते. नवा रोग, नवा दुष्काळ, नवं अन्न हे प्रत्येक एक नवं कुलूप. कुठलं कुलूप समोर येणार ते आधी कळत नाही. जुडग्यात किल्ल्या जास्त असतील तर एखादी लागण्याची शक्यता जास्त.

वनहत्तीचा जुडगा मोठा आहे. माळहत्तीपेक्षा त्याच्यात जनुकीय वैविध्य जास्त आढळतं, कारण लाखो वर्षं त्याची संख्या मोठी राहिली. मध्य आफ्रिकेच्या जंगलात नर लांबवर हिंडत राहिले आणि पत्ते नीट पिसले गेले. पश्चिम आफ्रिकेत मात्र जंगलाचे तुकडे झाले. तिथे आता छोटे छोटे कळप एकमेकांपासून तुटून राहतात. बोम जेझुसवरचे सुळे याच भागातले होते.

## “वैविध्य शिल्लक आहे म्हणता, मग चिंता कसली?”

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि दर वेळी मला कोकणातलं एखादं गाव आठवतं. मे महिन्यात जाऊन बघा. घरं उघडी, अंगणं सारवलेली. आजीला सतरा प्रकारच्या भाकऱ्या आणि कुठल्या आजाराला कुठला पाला ते माहीत. गाव भरलेलं वाटतं. पण नीट मोजलं तर सगळी माणसं सत्तरीच्या पुढची. मुलं मुंबईला. गावाचं ज्ञान अजून संपलेलं नाही, कारण ते सांभाळणारी माणसं अजून आहेत. वीस वर्षांनी जा.

हत्ती साठ वर्षांवर जगतो. आज जंगलात फिरणारी म्हातारी हत्तीण कळप भरगच्च होते तेव्हा जन्मलेली असते. तिच्यासारख्यांच्या अंगात जुनं वैविध्य अजून आहे, म्हणून तपासणीत आकडे चांगले येतात. संख्या घसरते ती लगेच. वैविध्य घसरतं ते पिढ्या उलटल्यावर.

आणि संख्या किती घसरली? २०२१ च्या यादीसाठी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हिशेब केला, तेव्हा ३१ वर्षांत ८६ टक्के घट निघाली. जिथे १०० होते तिथे १४. एकट्या २००२ ते २०११ या काळात संख्या ६२ टक्क्यांनी घटली. हे मुख्यतः हस्तिदंतासाठी झालं, १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाल्यानंतरही.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झांगा बाई नावाची जंगलातली एक मोकळी जागा आहे. तिथल्या मातीत क्षार आहेत, म्हणून हत्ती येतात, खड्ड्यात सोंड पार डोळ्यांपर्यंत बुडवून तळाचं खारं पाणी शोषतात. अँड्रिया तुर्कालो यांनी १९९० पासून वीसहून अधिक वर्षं तिथे मचाणावर बसून एकेक हत्ती ओळखीचा केला, त्यांच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. त्या वह्यांमधून जे निघालं ते काळजी वाढवणारं आहे: वनहत्तिणीला पहिलं पिल्लू होतं साधारण २३ व्या वर्षी. माळहत्तिणीला बाराव्या वर्षाच्या आसपास होतं. पुढच्या दोन पिल्लांत ५ ते ६ वर्षांचं अंतर. या गतीने झालेलं नुकसान भरून यायला सुमारे ९० वर्षं लागतील, तीही शिकार पूर्ण थांबली तर. मे २०१३ मध्ये याच झांगा बाईत बंदूकधारी शिरले आणि त्यांनी २६ हत्ती मारले.

सगळ्यात मोठ्या सुळ्यांचे हत्ती आधी मारले जातात, म्हणजे म्हाताऱ्या हत्तिणी आणि थोर नर. गावातली आजीच आधी जाते.

## एकच मानल्याने काय बिघडलं

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात माळहत्तींची स्थिती काही ठिकाणी बरी आहे. एकट्या बोट्स्वानात सव्वा लाखाच्या वर आहेत. दोन्ही हत्ती एकाच खात्यात मोजले की एकाची शिल्लक दुसऱ्याची तूट झाकते. धाकट्या भावाचं घर जळत असताना कुटुंबाची एकत्र मिळकत पाहून सगळं ठीक आहे म्हणण्यासारखं हे होतं. जंगलात उभं राहून हत्ती मोजताही येत नाहीत, दहा पावलांवरचा दिसत नाही. त्यामुळे ही तूट दिसायला आणखी उशीर झाला. प्रजाती कुठली आणि किती, हा वाद प्रयोगशाळेतला वाटतो, पण पैसा आणि पहारा कुठे पाठवायचा ते त्यावरूनच ठरतं.

## “मग माळहत्ती आणून जंगलात सोडले तर?”

वनहत्तीचं काम माळहत्तीला जमेल असं समजायला आधार नाही. वनहत्ती फळं खातो आणि लिदेतून बिया मैलोन् मैल नेऊन टाकतो. तिथल्या मोआबी या उंच झाडाची मोठाली फळं हत्ती आवडीने खातो. मोआबी आपल्या मोहाच्याच कुळातला, आणि आपल्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात तसं तिकडे मोआबीच्या बियांचं काढतात. हत्ती चालताना, चरताना लहान-मऊ लाकडाची रोपं मोडत जातो, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्या कठीण लाकडाच्या झाडांना जागा मिळते. अशा झाडांत कार्बन जास्त साठतो. वनहत्ती नाहीसे झाले तर मध्य आफ्रिकेच्या जंगलाचा जमिनीवरचा जैवभार (म्हणजे झाडाझुडपांचं एकूण वजन) सुमारे ७ टक्क्यांनी घटेल, असा २०१९ मधला अंदाज आहे.

आणि कुलपं तर बदलायला लागलीही आहेत. गॅबॉनमधल्या लोपे अभयारण्यात १९८६ पासून झाडांच्या फळांची नोंद ठेवली जाते. २०१८ पर्यंत पिकलेली फळं सापडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटलं. तापमान आणि पावसातला बदल हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. तिथले हत्ती फोटोत वाळलेले दिसू लागले आहेत, बरगड्या मोजता येतात. कमी फळांवर तग धरू शकणारी एखादी किल्ली जुडग्यात असेल, तर ती आता लागणार आहे.

## लिदेतली हजेरी

न दिसणारा हत्ती मोजायचा कसा? लिदेवरून. ताज्या लिदेच्या गोळ्यावर बाहेरून एक चकचकीत बुळबुळीत थर असतो. आतड्यातून घसरताना त्यावर हत्तीच्या पेशी चिकटतात. काडीने तो थर खरवडायचा, कुपीत ठेवायचा, वर जागेची नोंद. प्रयोगशाळेत त्यातून कोणता हत्ती ते ओळखता येतं. तोच हत्ती पुन्हा किती वेळा सापडतो, त्यावरून एकूण किती असतील याचा हिशेब बसतो. गॅबॉनने अख्ख्या देशात हे केलं आणि २०२१ मध्ये आकडा जाहीर झाला: सुमारे ९५,०००. जगातले बहुसंख्य वनहत्ती आता या एका देशात आहेत.

अशाच लिदेपासून सॅम्युअल वासर या जीवशास्त्रज्ञांनी आफ्रिकेचा जनुकीय नकाशा तयार केला. बंदरात हस्तिदंताची खेप पकडली गेली की सुळ्याचा डीएनए त्या नकाशाशी ताडायचा आणि हत्ती कुठे मारला गेला ते शोधायचं. २०१५ मध्ये त्यातून दिसलं की मोठ्या खेपांतले वनहत्तींचे सुळे बहुतांशी गॅबॉन, काँगो आणि कॅमेरून यांच्या सीमेलगतच्या एकाच पट्ट्यातून येत होते. पहारा कुठे लावायचा ते कळलं.

पश्चिम आफ्रिकेतले तुटके जंगलतुकडे अजून इतके बारकाईने धुंडाळलेले नाहीत. लायबेरिया, सिएरा लिओन, आयव्हरी कोस्ट या देशांत काही ठिकाणी अजून हत्ती आहेत, लाजरे, रात्री बाहेर पडणारे, माणसाच्या वाऱ्यालाही न थांबणारे. बोम जेझुसच्या त्या १३ घराण्यांपैकी एखादं उरलं असेलच, तर ते अशाच एखाद्या रानात, सकाळच्या ओल्या पायवाटेवर पडलेल्या लिदेत सापडेल.